तेवढा एक शब्द खोडा : नागपूरच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना खुले पत्र

माननीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा चेहरा मी पाहिलेला नाही, आवाज मात्र ओळखतो. १९९३ ते २०१९ अशी सव्वीस वर्षं मी धंतोलीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप केले. सुरुवातीला डॉक्टर शेजारी उभे राहून सांगायचे आणि मी इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर बडवायचो. मग छोट्या कॅसेटवर डिक्टेशन यायला लागलं, शेवटच्या काही वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ. कोणी 'फुलस्टॉप' म्हणायचं, कोणी नुसता श्वास घ्यायचं. एक जण नवीन ओळ हवी असली की 'चला' म्हणायचे. इंग्रजी टायपिंग ४० ची परीक्षा पास, एवढंच माझं या क्षेत्रातलं शिक्षण. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते डॉक्टरकीचं समजू नका. एका ओळीच्या टायपिंगबद्दल तक्रार आहे, आणि ती थोडी माझ्याविरुद्धसुद्धा आहे.

ओळ तुम्हाला पाठ असेल. साठीच्या पुढच्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय असला की ती हमखास यायची : 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, एज-रिलेटेड.' म्हणजे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचून झालेले जुने बदल, वयामुळे. इतक्यांदा यायची की मी ती वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये भरून ठेवली. 'एसव्ही' ही दोन अक्षरं मारून स्पेस दाबली की आख्खी ओळ हजर. सेंटरमध्ये माझं केवढं कौतुक झालं तेव्हा! मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना चहा पाजला. भरताना चुकून स्वल्पविरामानंतर दोन स्पेस पडल्या होत्या. त्या मी कधी काढल्या नाहीत. छापलेल्या कागदावर त्या माझ्याखेरीज कोणाला दिसणार होत्या?

रिपोर्ट न्यायला नातेवाईक यायचे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, तिकडून बालाघाट, छिंदवाडा. पहाटेची बस धरून आलेले, परतीच्या बसकडे डोळा. काउंटरवर विचारायचे, "काय निघालं जी यात?" आम्हाला काही सांगायची मुभा नव्हती. पण माणूस इतका केविलवाणा उभा असायचा की मी कागद उलटून पाहायचो आणि ती ओळ दिसली की म्हणायचो, "काही विशेष नाही. वयाचं आहे." त्यांचा जीव भांड्यात पडायचा. माझाही. असं मी किती जणांना सांगितलं याचा हिशोब नाही, आणि नाही तेच बरं.

आता घरचं सांगतो.

माझी बायको चालायला वाऱ्यासारखी. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात ती पुढे आणि पिशव्या घेऊन मी मागे, हा आमचा तीस वर्षांचा क्रम. मी निवृत्त झालो त्यानंतर दोनेक वर्षांनी एका बुधवारी लक्षात आलं की मी पुढे आहे. वळून पाहिलं तर ती येत होती, पण पावलं अशी की जणू खालची फरशी ओली आहे. छोटी छोटी, जमिनीला चिकटलेली. चपलांचा फरफर आवाज.

"काऊन गं, पाय दुखून राहिले का?"

"नाही. येऊन राहिली ना मी."

मग घरातल्या गोष्टी. आमच्याकडे पाहुणे म्हणजे वडाभात. डाळी भिजवायच्या, जाडसर वाटायच्या, वडे तळायचे, इकडे भात मोकळा शिजवायचा आणि शेवटी वडे कुस्करून वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. यातलं ती काही विसरली नव्हती. विचारलं तर तोंडाने सगळं बरोबर सांगायची. पण एका रविवारी मी स्वयंपाकघरात गेलो तर भिजलेल्या डाळीच्या पातेल्यासमोर ती स्टुलावर बसलेली, अर्धा तास. "कुठून धरू तेच समजत नाही," म्हणाली. भाच्याच्या लग्नात कोणी किती आहेर केला हे मात्र तिला आजही तोंडपाठ. टीव्हीवर नको तो चॅनेल लागला तरी बदलायची नाही. बोलायची कमी. रात्री घाईघाईने उठायची. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी निदान करून टाकलं : साठी बुद्धी नाठी. बायको तेव्हा चौसष्टची होती, म्हणजे म्हणीप्रमाणे चार वर्षं उशीरच.

शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या जागी दुसरे असते तरी हेच झालं असतं. त्यांनी वार विचारला, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात वजा करायला लावले. तिने सगळं बरोबर सांगितलं, वजाबाकी जरा सावकाश. "मेमरी उत्तम आहे, डिमेन्शिया नाही," म्हणाले, आणि खात्रीसाठी एमआरआय लिहून दिला. तो आम्ही माझ्याच जुन्या सेंटरमध्ये केला. सवलत मिळाली.

लिफाफा मी घरी येऊन उघडला. शेवटचा परिच्छेद आधी वाचायची सवय. इम्प्रेशन : क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, स्वल्पविराम, मग दोन स्पेस, एज-रिलेटेड.

मी चष्मा पुसला. दोनच स्पेस. मी २०१९ मध्ये नोकरी सोडली होती, माझं ऑटोकरेक्ट अजून नोकरीवर होतं.

डॉक्टरांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "वयाचं आहे, काका. चालायचंच." काउंटरवरचं माझंच वाक्य मला परत मिळालं. फोटो कोणी नीट पाहून ती ओळ लिहिली, की 'एसव्ही' मारून स्पेस दाबली गेली, हे मला कधीच कळणार नाही, कारण तसं कळू नये अशी सोय मीच करून ठेवली होती.

माझी भाची न्यूरोलॉजीत डीएम करते आहे, नागपूरबाहेर. तिला फोटोंची सीडी पाठवली. रात्री तिचा फोन आला. "मामा, मामीचा बीपी कधीपासून आहे?" मी म्हटलं, बारा वर्षं असेल. गोळी? तर गोळी आमच्याकडे पाहुण्यासारखी. डोकं दुखलं की सुरू, मोजल्यावर नॉर्मल आला की बंद. ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिने शोधनिबंधांचा एक गठ्ठा पाठवला आणि म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर हे टाइप केलं आहे. आता वाचा." डिक्शनरी घेऊन मी चार महिने तेच केलं. तुम्हाला त्यात नवीन काही नाही. पण तो गठ्ठा वाचताना मला जे दिसलं ते तुमच्या रोजच्या घाईत तुम्हाला दिसत असेल का, अशी शंका आहे, म्हणून सांगतो.

मला वाटलं होतं मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या या आजाराचा शोध मोठ्या यंत्राने लावला असेल. निघाली ती काही चिवट माणसांची गोष्ट. त्यांच्यातला मला सर्वांत आवडलेला माणूस सी. मिलर फिशर. जन्म १९१३, कॅनडा. दुसऱ्या महायुद्धात नौदलात डॉक्टर. १९४१ मध्ये जहाज बुडालं आणि साडेतीन वर्षं जर्मनांच्या कैदेत काढली. सुटल्यावर मेंदूकडे वळला, आणि पुढे बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेलेल्या माणसांचे मेंदू कापून पाहत बसला. १९६५ च्या त्याच्या लेखात १०४२ मेंदूंचा हिशोब आहे. त्यातल्या ११४ मध्ये खोल भागात बारीक पोकळ्या सापडल्या. डाळीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून लहान. फ्रेंच डॉक्टरांनी त्यांना आधीच 'लॅक्यून' म्हटलं होतं. ज्यांच्यात त्या सापडल्या त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना रक्तदाब होता. तेवढ्यावर हा माणूस थांबला नाही. त्या पोकळीकडे जाणारी केसाएवढी धमनी नेमकी कुठे बंद झाली हे शोधायला त्याने मेंदूच्या तुकड्यांचे पातळ काप घेतले, एकामागून एक, क्रमाने, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धमनी कापाकापातून पुढे पुढे पाहत नेली. इथे भिंत जाड, इथे भिंतीत चरबी आणि काचेसारखं काहीतरी, इथे वाट बंद. कोणाला वाटेल किती कंटाळवाणं काम! सव्वीस वर्षं टायपिंग केलेल्या माणसाला त्याबद्दल आदर वाटतो.

ही धमनी इतकी महत्त्वाची का, हे मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं. पेंचचं पाणी गोरेवाड्यावरून शहरात येतं. मोठी लाइन फुटली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पण गल्लीच्या टोकाच्या घराचा नळ हळूहळू बारीक होत गेला तर कोणाला पत्ता लागत नाही. घरातली बाई फक्त सकाळी जरा लवकर उठायला लागते. मोठा पक्षाघात म्हणजे फुटलेली लाइन. आणि मेंदूच्या खोल भागातल्या धमन्या म्हणजे टोकाचे नळ. मोठ्या वाहिनीतून काटकोनात फुटतात, त्यामुळे वाढलेल्या दाबाचा दणका सरळ त्यांच्यावर बसतो, आणि एक बंद पडली तर शेजारून पाणी येत नाही. तिथे पेशींपेक्षा तारा जास्त, एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणाऱ्या. तारा झिजल्या की आठवणी शाबूत राहतात, पण एकामागून एक काम लावता येत नाही, विचार सावकाश होतो, मन कशात लागत नाही, पाऊल आखडतं. पातेल्यासमोरचा तो अर्धा तास मला तेव्हा समजला. आणि बाजारातली पावलंही. पियर मारी नावाच्या डॉक्टराने १९०१ मध्येच पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातल्या अशा म्हाताऱ्यांबद्दल लिहून ठेवलं होतं की ते छोट्या छोट्या पावलांनी चालतात. आमच्या सक्करदऱ्यातल्या फरशीला एकशेवीस वर्षं आधी नाव मिळालं होतं, आणि आम्ही गुडघ्याला तेल चोळत होतो.

दुसरा माणूस व्लादिमिर हाचिन्स्की. जन्म युक्रेनमध्ये, लहानपण व्हेनेझुएलात, काम कॅनडात. याचा धंदा थोडा माझ्यासारखा, शब्दांचा. त्याच्या तरुणपणी म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशाला 'मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या' असं एक सर्वसाधारण कारण चिकटवून लोक मोकळे व्हायचे. १९७४ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की असं मोघम बोलू नका. रक्तवाहिन्यांमुळे डिमेन्शिया होतो तेव्हा तो लहान-मोठ्या अनेक इन्फार्क्टमुळे, म्हणजे रक्त न पोचून मेलेल्या मेंदूच्या तुकड्यांमुळे, होतो. मग स्कॅन आले आणि मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे त्याच तारांचा, विरळ दिसायला लागला, तर सगळे त्याला एकाच जुन्या आजाराचं नाव द्यायला लागले. १९८७ मध्ये त्याने मुद्दाम नवा शब्द काढला, 'ल्यूकोअरायोसिस'. ग्रीकमध्ये अर्थ एवढाच की पांढरं विरळ झालं आहे. कारण माहीत नाही तोवर कारण सांगणारा शब्द वापरू नका, हा त्यातला आग्रह. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. 'एज-रिलेटेड' हा कारण सांगणारा शब्द आहे, डॉक्टर. आणि तो कारण न शोधता टाइप होतो. पुढे हाच माणूस असंही म्हणू लागला की डिमेन्शिया हे नाव लागेपर्यंत वेळ गेलेली असते. त्याआधीच्या पायरीला नाव द्या, म्हणजे कोणीतरी काहीतरी करेल.

वय हे कारण नसतं याचा सर्वांत ठसठशीत दाखला मात्र एका फ्रेंच बाईंच्या कामात आहे. मारी-जर्मेन बूसेर. १९७६ मध्ये त्यांच्याकडे पन्नाशीचा एक माणूस आला. बारीक धमन्यांचा झटका, स्कॅनवर पांढऱ्या भागात बदल. त्या काळी हे सहज एखाद्या ठरीव नावाखाली खपून गेलं असतं. काही वर्षांनी त्याच्याच घरातली तरुण माणसं तशाच तक्रारी घेऊन आली. बाईंनी त्या कुटुंबाची पाठ सोडली नाही. १९९६ मध्ये त्यांच्या चमूला तो जनुक सापडला, नॉच-३. आजाराचं नाव कॅडासिल. २०१९ मध्ये बूसेर आणि तीन सहकाऱ्यांना ब्रेन प्राइझ मिळालं. पहिल्या रोग्यापासून जनुकापर्यंत वीस वर्षं. त्यातली शेवटची तीन वर्षं मी नुसता टाइप करत होतो.

इथपर्यंत आल्यावर भाचीने मला अडवलं. ती तुमच्या बाजूची, म्हणून तिचं म्हणणं इथे देतो. "मामा, रेडिओलॉजिस्ट खोटं लिहीत नाहीत. साठीच्या पुढे एमआरआयवर अशा जागी थोडं पांढरं सगळ्यांनाच असतं." खरं आहे. हॉलंडमधल्या रॉटरडॅमला ६० ते ९० वयाच्या १०७७ लोकांचे एमआरआय केले, तर जेमतेम ५ टक्के लोकांच्या मेंदूत एकही डाग नव्हता. केस पिकतात तसंच म्हणायचं. पण त्याच रॉटरडॅमच्या दुसऱ्या अभ्यासात, २००३ चा, ज्यांना न कळता लहान इन्फार्क्ट होऊन गेले होते त्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. म्हणजे थोडं असणं वेगळं आणि बरंच असणं वेगळं. माझी ओळ दोघांना एकच छापायची. एखादा ठिपका असलेले गोंदियाचे आजोबा आणि दोन्ही बाजूंनी मेंदू पांढरा झालेली माझी बायको, दोघांना तेच सहा शब्द.

कोणी म्हणेल हा रक्ताचा नाही, अल्झायमरचा प्रकार असेल. असू दे. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ ननचा अभ्यास केला होता. त्यातल्या मृत्यूनंतर अल्झायमरच्या खुणा सापडलेल्या ६१ जणींची गोष्ट १९९७ मध्ये छापून आली. खोल भागात एक-दोन छोटे इन्फार्क्टही असतील, तर जिवंतपणी डिमेन्शिया असण्याचं पारडं सुमारे २० पटींनी जड. अल्झायमर थांबवता येत नसला तरी टोकाचा नळ बंद होऊ न देणं काही प्रमाणात आपल्या हातात आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. भाचीने मान डोलावली.

(जाता जाता. आपल्या बाजूचंही एक संशोधन आहे. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांत पाहिलं की दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा लागला, शाळेत न गेलेल्यांनासुद्धा. आमच्या नागपुरी मराठी-हिंदी खिचडीला पुणेकर हसतात, त्यांना हे कोणीतरी पाठवा. अर्थात बायको दोन्ही भाषांत सारखंच फर्डं भांडते आणि तरी हे झालं, तेव्हा फार छाती फुगवण्यात अर्थ नाही.)

'लिहून उपयोग काय, औषध तर नाही' हे मी तुमच्या तोंडून डिक्टेशनच्या मधल्या चहात अनेकदा ऐकलं आहे. बंद पडलेली धमनी उघडणारी गोळी नाही, कबूल. उलट लोक मनानेच रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या खातात, त्याचा तर तोटाच. ३०२० रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनला क्लोपिडोग्रेल जोडल्याने झटके कमी झाले नाहीत, रक्तस्राव आणि मृत्यू वाढले. एडिनबराच्या जोआना वॉर्डलॉ यांचा चमू दोन जुन्या औषधांची परीक्षा घेतो आहे, त्यातलं एक आपल्याकडे छातीत दुखणाऱ्यांना देतात तेच. २०२३ चे निकाल आशेचे आहेत, पक्के नाहीत.

पण रक्तदाबाचं तसं नाही. अमेरिकेत ९३६१ लोकांची चाचणी झाली, वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा की १२० च्या. २०१९ मध्ये मेंदूबद्दलचे निकाल आले. १२० वाल्यांत बुद्धी मंदावण्याची सुरुवात १९ टक्क्यांनी कमी. पांढरे डागही त्यांच्यात कमी वाढले. पूर्ण डिमेन्शियाही कमी दिसला, पण तो फरक पक्का म्हणावा एवढा नव्हता, कारण चाचणी लवकर थांबवली होती. त्यात शुगरवाले घेतले नव्हते, आणि आपल्या गावात शुगर नसलेला माणूस शोधावा लागतो. शिवाय म्हाताऱ्या माणसाचा बीपी फार उतरला तर चक्कर येऊन तो न्हाणीत पडतो, हेही भाचीने बजावून सांगितलं. तेव्हा आकडा कोणता हे फिजिशियननेच ठरवायचं. पण ठरवायला हवं हे त्याला कळणार कसं? तुमच्या कागदावर 'वयाचं' लिहिलं असेल तर तो बी-कॉम्प्लेक्स लिहून मोकळा होतो. आमच्याकडे झालंच तसं.

भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने १४ कारणं मोजली, ज्यांच्यावर काम केलं तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल. रक्तदाब त्यात आहेच. अ‍ॅम्लोडिपिनची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. 'मेंदूच्या टॉनिक'च्या एका बाटलीत तिचा कितीतरी महिन्यांचा खर्च निघेल.

तर मागणं एवढंच आहे. 'एज-रिलेटेड' खोडा. त्या जागी एक आकडा लिहा. तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, फझेकास यांचा, १९८७ चा, शून्य ते तीन. ठिपके असतील तर एक, ठिपके एकमेकांना भिडायला लागले तर दोन, मोठे पट्टे झाले तर तीन. डिक्टेशनला दोन सेकंद लागतात, मी मोजले आहेत. लॅक्यून असतील तर किती ते लिहा. जुना स्कॅन असेल तर वाढलं की तेवढंच, तेही. आणि खाली 'क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड', म्हणजे रोग्याच्या लक्षणांशी जोडून पाहा, हे आपण इतकी वर्षं छापतो, ते कशाशी जोडायचं हे कधी तरी सांगा : रक्तदाब पाहा, चाल पाहा. सगळ्यांना घाबरवा असं मी म्हणत नाही. ज्याचा एक आहे त्याला एक लिहा, तो निवांत झोपेल. ज्याचा तीन आहे त्याला तीन लिहा. आता म्हणे सॉफ्टवेअरच रिपोर्टचा मसुदा करून देणार आहे. त्यात माझी ओळ आधी भरून ठेवू नका, तिची दोन स्पेससकट नक्कल होईल.

बायकोचा आकडा तीन आहे. भाचीने सीडीवरून सांगितला. कोणी बरं व्हायचं आश्वासन दिलेलं नाही आणि मीही मागितलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहितो, गोळी आता घरचीच झाली आहे. पावलं अजून लहानच आहेत, पण गेल्या वर्षीपेक्षा लहान झालेली नाहीत, एवढं मी फरशा मोजून सांगू शकतो. वडाभाताची कृती मी मोठ्या अक्षरात टाइप करून ओट्यावर चिकटवली आहे, एका ओळीत एकच काम. ती ओळीवर बोट ठेवते आणि करते. मीठ कमी घालते म्हणून मी कुरकुर केली तर वहीतला आकडा दाखवते.

ऑटोकरेक्टमधली नोंद काढायला फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग असं जावं लागतं, बऱ्याच मुलांना ते ठाऊक नसतं. धंतोली, रामदासपेठ, मेडिकल, मेयो, कुठेही बोलवा, मी येऊन काढून देईन, पैसे नकोत. फक्त अकरानंतर बोलवा. त्याआधी आम्ही दोघं चालायला जातो, आणि हल्ली परत यायला वेळ लागतो.

आपला नम्र,
एक निवृत्त टायपिस्ट
नंदनवन, नागपूर